आरशातला तीळ

बाबा, आज आमच्या घरात मेथीच्या लगद्याचा वास भरलाय. नातसून सकाळपासून नाकाला पदर लावून फिरते आहे आणि येता-जाता विचारते, "आजी, हे अजून किती दिवस चालणार?" मी तिला म्हटलं, मेथी घातली नाही तर कागदाला किडे लागतात, आणि किडकं तोंड भिंतीवर टांगलेलं तुला चालेल का? तिला वाटलं म्हातारी बिघडली. तोंड हा शब्द मी मुद्दाम वापरला होता. तुम्ही असता तर हसला असता.

आपल्या गावात मुखवटा असं कोणी म्हणत नसे. नरसिंहाचं तोंड, पूतनेचं तोंड, अस्वलाचं तोंड. देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा आटोपली की आपल्याकडे सोंगांचे वेध लागायचे आणि तुमच्या हातचं खुरपं जाऊन चिंचोक्याची खळ यायची. तुम्ही तसे माळीच. दुसरबीडच्या अलीकडे नदीकाठी आपला मळा, त्यात वांगी, मिरची, कांदा. पण सोंगांच्या दिवसांत अंगणात कागद भिजत पडलेले असायचे, ओट्यावर राक्षस वाळत असायचे, आणि आलेला माणूस आधी त्यांना दचकून मग तुम्हाला रामराम करायचा. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, जालन्याची वाट धरली की पुढे निजामाचा मुलूख लागायचा, आणि लढाईमुळे कागद असा महाग झाला होता की वाण्याकडच्या पुडीचा कागदही माय उन्हात सरळ करून ठेवायची. त्या टंचाईत मी तुमच्याकडे हट्ट धरला की मलाही तोंड करायचं आहे.

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "पोरीच्या जातीनं तोंड करू नये." तुम्ही हसलात, मी हसले, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर मायही पदरात हसली. पण तिचं खोटं नव्हतं. देवाचं तोंड उपास धरून पुरुषांनीच करायचं, हा गावचा रिवाज. राक्षसाचं तोंड पोरीनं केलं असतं तर पोट्ट्यांनी मला जन्मभर पूतना म्हणून हाक मारली असती. तुम्ही तुमच्या सवयीने भुवईवरून अंगठा फिरवत बसलात. तिथे तुम्हाला खोक होती, तरुणपणी बैलाचं शिंग लागल्याची, आणि विचारात पडलात की तुमचा अंगठा तिथे जायचा. मग म्हणालात, "देवाचं नको, राक्षसाचं नको. मंग तुहंच कर. त्याले कोण काय म्हणन?"

माझंच तोंड मला तेव्हा फारसं आवडत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली, मसुराएवढा काळा तीळ. बाईचा डाव्या गालावरचा तीळ चांगला आणि उजव्यावरचा वाईट, असं कोणीतरी कधीतरी सांगून ठेवलं होतं आणि ते सगळ्यांना पाठ होतं. मला पाहायला पाहुणे यायचे, गूळपाणी घ्यायचे, आणि त्यांची बैलगाडी वेशीबाहेर पडायच्या आतच आपल्याला त्यांचा नकार कळलेला असायचा. उजव्या गालावर तीळ म्हणून पोरगी उजवत नव्हती. माय देवाला बोलत होती, मला बोलत होती. तुम्ही कोणालाच बोलत नव्हता, आणि तेच मला जास्त लागायचं.

तुम्ही म्हणालात, लगद्याला हात लावायच्या आधी कोळशानं काढ. मी गोठ्याची भिंत धरली. आपलं तोंड कसं आहे हे आपल्याला माहीत असतं असं आपण समजतो, पण कोळसा हातात घेतला की कळतं, काही म्हणता काही माहीत नसतं. माझे कान कुठून सुरू होतात, वरचा ओठ जाड की खालचा, काही सांगता येईना. पहिलं चित्र काढलं त्यात डोळे समोरून आणि नाक बाजूने. तुम्ही गव्हाणीपाशी उभे राहून पाहिलंत आणि म्हणालात, "बैलाकडं पाहून काढलं काय वं?" मी रुसून पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्वारीच्या ताटाची काडी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, नाकाला रेघ नसते, सावली असते. सावली कुठवर आहे ते या काडीनं मोज. भिंत भरून गेली माझ्या तोंडांनी. धार काढायला माय गोठ्यात गेली की म्हणायची, "इतल्या पोरी कोण उजवन बाप्पा!"

मग नदीची चिकण माती आणून साचा केला, त्यावर लगद्याचे थर दिले. पहिलं तोंड वाळलं तेव्हा मी खूश होते. मोठे डोळे, धारदार नाक, बारीक जिवणी. तुम्ही मळ्यातून आलात, ओट्यावर पाहिलंत आणि मायला हाक मारलीत, "ही कोण पाहुणी आली? पाणी तरी विचारा तिले." मी ते तोंड त्याच दिवशी पुन्हा भिजत घातलं. मग मला अक्कल सुचली. म्हटलं, साचा कशाला, तोंड तर आपल्यापाशी आहेच. मी तोंडाला तेल चोपडलं, बाजेवर आडवी झाले आणि खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या स्वतःच्याच तोंडावर बसवल्या. धाकटा भाऊ माशा हाकायला उशाशी. तेवढ्यात माय भाजीचं टोपलं घेऊन आत आली आणि पांढऱ्या कागदानं झाकलेलं लेकीचं तोंड पाहून तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारचे काठ्या घेऊन धावत आले. पण त्या सोसाचं फळ काही मिळालं नाही. नाक माझं, हनुवटी माझी, आणि तरीही ती मी नव्हते. तुम्ही ते हातात धरून बघत राहिलात. म्हणालात, "हे निजेल तोंड हाय. माह्या पोरीचं तोंड इतलं गप कधी असते?"

तेव्हा तुम्ही आरसा आणलात. यात्रेतला, पत्र्याच्या चौकटीचा, हाताच्या पंज्याएवढा. विहिरीजवळच्या जांभळीच्या खोडाला तो खिळ्यानं टांगलात. तुम्ही मोट हाकायचात आणि मी जांभळीखाली माती घेऊन बसायची. आरशात पाहायचं, मातीत दाबायचं, पुन्हा पाहायचं. मोटेचं पाणी थारोळ्यात पडण्याचा आवाज, तुमचं बैलांशी बोलणं, आणि मधूनच माझ्या मागे येऊन उभं राहणं. काही सांगायचा नाहीत. नुसता अंगठा भुवईवर. मी आता डोळे मिटले तरी त्या जांभळीखाली बसलेली असते, नखांत माती असते, आणि मला कुठेही जायचं नसतं. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते बाबा, आणि तेव्हा मला ते कळत होतं, हे आणखी चांगलं.

लगदा उन्हात वाळवला तर नाक तडकलं, पुन्हा केलं, सावलीत वाळवलं. रंगाचा तर मी छळ मांडला होता. गेरू घातला तर तांबडी, खडू जास्त झाला तर मडमीसारखी. वाटीशेजारी माझा हात धरून रंग जुळवत होते. चिमूटभर काजळ घालावं म्हटलं, जरा जास्त पडलं आणि मी एकदम अस्वलच झाले. शेवटी हळदीनं साधलं. तोंड पुरं झालं. मी ते ओट्यावर तुमच्यापुढे ठेवलं.

तुम्ही पाहिलंत आणि विचारलंत, "तीळ कुठी गेला?"

"इसरली."

"इसरली, का मुद्दाम इसरली?"

मला रडूच आलं. म्हटलं, "तो नको मले. त्याच्यानंच तर सारं होऊन राह्यलं."

तुम्ही जवळ घेऊन समजूत काढाल असं वाटलं होतं. पण तुम्ही ते तोंड उचलून माझ्या हातात परत दिलंत. "तीळ नसन तर हे तोंड तुहं नाही. दुसऱ्या कोणाचं असन. दुसऱ्याची पोट्टी भिंतीवर टांगून मी काय करू?" इतकं कडक तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी ताडताड विहिरीवर गेले, आरशासमोर बसले, काजळात काडी बुडवली आणि आरशात जिथे दिसत होता तिथे तीळ टेकवला. मोठाच टेकवला, रागानं. तुम्ही बघितलंत आणि 'हं' म्हणालात. डोळ्यांना भोकं मात्र पाडू दिली नाहीत. म्हणालात, आपलंच तोंड आपल्यावर चढवून कुठे जायचं आहे? म्हणून ते मी कधी घातलंच नाही आणि नुसतं भिंतीवर लावलं. माय म्हणायची, "तुहंच हाय, पण कायतरी येगळं वाटते." काय ते तिला सांगता यायचं नाही.

त्यानंतर मामा आले. सोनाळ्याचं एक स्थळ त्यांनी धरून ठेवलं होतं. माणसं चांगली, शेती पोटापुरती, मुलगा शाळा शिकलेला. पण सोनाळा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. मुलीकडे इतक्या लांब यायचं तर मुलगी कशी आहे हे आधी कळावं, असं मुलाच्या आजीचं म्हणणं. फोटो काढायचा तर खामगाव गाठावं लागलं असतं. मामांनी भिंतीवर पाहिलं, मांडीवर थाप मारली, तोंड काढून उपरण्यात बांधलं आणि चहा तसाच टाकून निघाले. माय नको नको म्हणत मागे धावली. तुम्ही मोटेवर होता. असं माझं तोंड सोनाळ्याला गेलं आणि मी इथे वांगी तोडत राहिले.

आणि निरोप आला की येतो आहोत. तीळ पाहूनसुद्धा! मला किती बरं वाटलं, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसायचं, मग त्यांना तीळ दिसायचा आणि त्यांचे चेहरे उतरायचे, ते या वेळी होणार नव्हतं. त्यांनी आधीच सगळं पाहिलेलं होतं. मी पहिल्यांदा धीरानं बाहेर येऊन बसले.

मुलाचे वडील आणि आजी आले होते. आजीनं पिशवीतून माझं तोंड काढलं, मांडीवर ठेवलं, आणि एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे असं किती वेळ पाहिलं. मग विचारलं, "तीय कुठी गेला?"

आपल्याकडे डोळा, त्यांच्याकडे डोया. आपला गूळ, त्यांचा गूय. मायला वाटलं, विहीणबाईंना तीळ हवेत. ती बिचारी उठून डबा घेऊन आली. म्हातारी म्हणाली, "खाचा नाही वं माय! या तोंडावर तीय डाव्या गालावर हाय. हिचा त उजव्यावर हाय. पोट्टी बदलली काय बाप्पा?"

मायच्या हातातला डबा तसाच राहिला. एक मुलगी दाखवून दुसरीच उभी करायची, असं तेव्हा होत असे, आणि ज्या घरावर असा ठपका येई त्या घराच्या दारात पुन्हा कोणी पाहुणा चढत नसे. मामांना घाम फुटला. मुलाचे वडील बाजूला ठेवलेल्या पागोट्याकडे हात नेऊ लागले. मी माझ्या गालाला हात लावून पाहिला. तीळ होता तिथेच होता. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथे तो खरंच दुसऱ्या गालावर होता. मी माझ्या हातानं तो आणून ठेवला होता, आणि कसा ते मला कळत नव्हतं. मला एवढंच कळलं की हे स्थळही गेलं, आणि या वेळी माझ्या तिळामुळे नाही, माझ्या हातानं गेलं.

भावाने हाक मारली म्हणून तुम्ही मळ्यातून आलात, चिखलाच्या पायांनी. काय झालं ते ऐकलंत, तोंडाकडे पाहिलंत, आणि हसलात. इतक्या माणसांत तुम्ही एकटेच हसत होता. तसेच मागे फिरलात आणि जांभळीवरचा आरसा घेऊन आलात. माझ्यासमोर धरलात. "आजी, पोट्टीच्या मागं येऊन बसा. आता आरशातल्या पोट्टीकडं पाहा."

म्हातारी गुडघे धरत उठली, माझ्या मागे बसली, माझ्या खांद्यावरून डोकावली. एका हातात तोंड, आणि समोर आरशातली मी. "अव माय!" ती ओरडली. मग तिनं स्वतःची नथ चाचपली, आरशात पाहिली, पुन्हा चाचपली. "माही नथ बी तिकडं गेली!" भाऊ खिदळला. माय डबा ठेवून भिंतीला टेकली.

पण मुलाच्या वडिलांचा हात पागोट्यावरच होता. ते हळूच म्हणाले, "पण तीय शेवटी उजव्यावरच हाय ना?"

तुम्ही आरसा खाली ठेवलात. तेवढ्या वेळात मी काय काय सोडून दिलं मनातून. मग म्हातारी आपल्या लेकावर उखडली. "अरे, लबाडीच करायची असती त हिनं तीयच ठेवला नसता! कोणी इचारणार व्हतं काय? सोताचा ऐब सोताच्या हातानं काढणारी पोट्टी मले कुठी भेटन? दे ते पागोटं इकडं." आणि त्यांचं पागोटं तिनं आपल्या मांडीखाली दाबून ठेवलं. पागोट्यावाचून उठून जाता येईना म्हणून ते बसले, आणि बसल्याबसल्या माझं लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, "तुमाले माईत व्हतं?"

"पह्यल्याच दिशी दिसलं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुले तू जशी दिसते तशी तू केली. ते खोडणारा मी कोण?"

"अन् मामा घेऊन चालले तवा?"

"तवा मी मोटेवर व्हतो," तुम्ही म्हणालात, आणि आरसा पुन्हा जांभळीला टांगायला गेलात.

संसार चांगला झाला बाबा. मी सोनाळ्याला आले तेव्हा माझं तोंड माझ्या आधीच तिथे नांदत होतं. आजेसासूनं ते आपल्या खोलीत लावलं होतं आणि माझ्यावर रागावली की त्याच्याकडे पाहून बोलायची, म्हणायची, ही उलटून बोलत नाही. तिच्या माघारी ते वाळवीनं खाल्लं, पण तोवर त्याचं काम झालं होतं. तुमचे जावई सकाळी दाढी करताना मला मागे उभी राहायला लावायचे. म्हणायचे, मी आधी तुला अशीच पाहिली आहे, डाव्या गालावरच्या तिळाची. समोर येतेस ती नंतरची ओळख. म्हातारे झाले तरी हे चालायचं. मी तोंडानं 'काहीतरीच' म्हणायची आणि उभी राहायची.

तुम्ही गेलात तेव्हा तार सोनाळ्याला उशिरा आली. गाडीतून उतरून मी अंगणात आले तेव्हा सगळं उरकलं होतं. तुमचं तोंड मला पाहायला मिळालं नाही. त्याचं वाईट वाटलं, फार वाटलं, अजून वाटतं. घरात तुमचा फोटो नाही. देवांची, राक्षसांची, अस्वलांची इतकी तोंडं केलीत आणि आपलं एक केलं नाहीत. म्हणून या वर्षी मी ठरवलं की तुमचं करायचं. हात कापतात, पण लगद्याला ते कळत नाही. नाक जमलं, कपाळ जमलं, गालफडं अशी बसली की परवा भाऊ आला तो दारातच थबकला.

मग भुवईवरची खोक आली, आणि माझा हात थांबला. ती डाव्या भुवईवर होती की उजव्या, मला आठवेना. तुमचा अंगठा दिसतो, पण कोणता हात ते दिसत नाही. तुम्हाला ओट्यावर आणून बसवलं की खोक एका बाजूला दिसते, जांभळीखाली उभं केलं की दुसऱ्या. भावाला विचारलं तर तो ठासून म्हणाला, उजव्या. पण तो तर तुमच्या पाठुंगळीला वाढला. त्याला तुमची मान ठाऊक. ज्या बाईनं डाव्या-उजव्यापायी सोयरीक मोडत आणली होती, तिनं बापाची खोक विसरावी. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मग जांभळीवरचा आरसा आठवला, माझ्या मागे उभे असलेले तुम्ही मला त्यातच दिसायचात, आणि मी उठून आणखी माती मळली. आता दोन करते आहे. एकाला डावीकडे खोक, एकाला उजवीकडे. एक तुम्ही, एक आरशातले तुम्ही. कोणता कोणता ते मला माहीत नाही, पण दोघांच्या मधे मी बसले की तुम्ही नक्की असाल. नातसुनेला अजून सांगितलेलं नाही की वास दुप्पट होणार आहे.

दुसऱ्या तोंडाला कागद थोडा कमी पडतोय. हे एवढे लिहिलेले कागद पाठवणार तरी कुठे, संध्याकाळी तेच भिजत घालते. शाई उतरून लगदा जरा काळपट होईल. होऊ दे, तुमचा रंग तसाच होता. तेवढं मला पक्कं आठवतं.